चावडीवरची खुर्ची

शेरीफ म्हटले की माझ्या वयाच्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. छातीवर चांदणी, कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि चेहऱ्यावर असा शांत भाव, की जणू गावातले सगळे गुंड या माणसाने आधीच मोजून ठेवले आहेत. हे इंग्रजी चित्रपट आम्ही शाळकरी वयात पाहिले. त्यातले संवाद कळत नसत, पण त्याने काही अडत नसे. घोडे धावत, गोळ्या सुटत, आणि शेवटी शेरीफ उभा नि बाकीचे आडवे, एवढे समजले की तिकिटाचे पैसे वसूल होत.

एक गोष्ट मात्र त्या चित्रपटांत कधीच दाखवीत नसत. या शेरीफाला नेमतो कोण? आमची अशी समजूत, की कोणी तरी मोठे साहेब असतील, त्यांनी हुकूम काढला असेल. परवा अमेरिकेहून आलेल्या माझ्या भाचीने सांगितले, "मामा, शेरीफला आम्ही मतं देऊन निवडतो. आमच्या परगण्यात त्याच्या नावाच्या पाट्या घराघरांच्या अंगणात लागतात."

मी चाट पडलो. फौजदार निवडणुकीला उभा! तो दारोदार हात जोडीत फिरणार, "ताई, लक्ष असू द्या" म्हणणार, आणि निवडून आल्यावर त्याच ताईंच्या चिरंजिवांना गाडीत घालून नेणार! आपल्याकडे असे झाले तर काय बहार येईल, हा विचार मनात आला आणि मग तो जाईना. म्हणून यंदाच्या दिवाळीत, संपादकांनी या सदराला चार पाने अधिक दिली आहेत त्या आधारावर, वाचकहो, तुम्हांला जरा लांबच्या वाटेने घेऊन जाणार आहे. वाट अमेरिकेहून निघते, पण पोचते आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या चावडीवर.

शेरीफ हा मूळचा इंग्लंडचा. शायर म्हणजे परगणा आणि रीव्ह म्हणजे कारभारी. या दोन शब्दांची संधी होऊन शेरीफ झाला. राजाच्या वतीने परगण्याचा वसूल गोळा करायचा आणि चोर पकडायचे, ही त्याची दोन कामे. एकाच माणसाच्या एका हातात थैली आणि दुसऱ्या हातात बेडी दिली म्हणजे काय होते, ते रॉबिनहूडच्या गोष्टी वाचलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. इंग्लंडच्या सरदारांनी १२१५ साली राजाकडून जी प्रसिद्ध सनद लिहून घेतली, तिच्यातही शेरीफांना आवर घालणारी कलमे आहेत. पुढे इंग्लंडात शेरीफ हळूहळू शोभेचा झाला. आजही तिथला राजा परगण्यांच्या शेरीफांची नावे चामड्याच्या कागदावर चांदीच्या आरीने टोचून नक्की करतो.

इंग्रज मुंबईत आले ते आपल्याबरोबर हा शोभेचा शेरीफही घेऊन आले. मुंबईच्या शेरीफाने सभा बोलवाव्यात, पाहुण्यांचे स्वागत करावे, आणि नामांकित नागरिकाला एक वर्षाचा मान मिळावा. डॉक्टर भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. १९८० साली दिलीपकुमार झाले आणि १९९४ साली सुनील गावसकर. म्हणजे मान मोठा, माणसेही मोठी. पण यांच्यापैकी कोणी रात्री दोन वाजता काठी घेऊन चोराच्या मागे धावावे, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

अमेरिकेत गेलेल्या शेरीफाचे नशीब निराळे निघाले. तिथे तो खराखुरा कामाचा राहिला आणि लोकांनी त्याला निवडून देण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. आज त्या देशात असे सुमारे ३ हजार शेरीफ आहेत, आणि त्यांतले बहुतेक लोकांच्या मतांवर येतात, पुष्कळ ठिकाणी दर चार वर्षांनी. तुरुंग त्याच्याकडे, न्यायालयाचे समन्स पोचविणे त्याच्याकडे, आणि लुइझियाना राज्यात तर करवसुलीही अजून त्याच्याकडेच. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन नावाच्या खेडवळ परगण्यात १८८० साली पॅट गॅरेट निवडून आला आणि पुढल्याच वर्षी त्याने बिली द किड या कुप्रसिद्ध पोराला गोळी घातली. आमच्या चित्रपटांची भट्टी पेटली ती इथून!

आता आपल्याकडे या. आपला खरा शेरीफ मुंबईच्या टाउन हॉलात कधीच नव्हता. तो खेड्यात, लिंबाच्या झाडाखाली, चावडीच्या ओट्यावर बसलेला होता. त्याचे नाव पाटील.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्या जिंकलेल्या मुलखाविषयी एक अहवाल लिहिला. गावाचा वसूल आणि गावाचा बंदोबस्त, दोन्ही पाटलाकडे, हे त्याने नोंदविले आहे. म्हणजे जुन्या इंग्रजी शेरीफासारखेच, एका हातात थैली आणि दुसऱ्या हातात बेडी. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढायचा. पावले शिवेपलीकडे गेली की तो माग दुसऱ्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा आणि आपण मोकळे व्हायचे. ज्या गावात माग विरला, त्या गावावर जबाबदारी. कागद नाही, शाई नाही, ठसेतज्ज्ञ नाही. ओल्या मातीतले पाऊल हाच पुरावा आणि शीव हीच हद्द.

पण या पाटलाला निवडीत कोण असे? कोणीही नाही. तो जन्मत असे. पाटीलकी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, अडचणीत विकलेही जाई. महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या हाताखाली ठेवले, पण स्वतःला म्हणवून घेतले पाटीलच. या शब्दाचा मान एवढा होता! आणि रांझ्याच्या पाटलाची गोष्ट तर तुम्ही शाळेत वाचलीच आहे. त्याने बदअंमल केला आणि शिवाजीमहाराजांनी त्याचे हातपाय तोडविले. मात्र त्या गोष्टीचा पुढला भाग सहसा कोणी सांगत नाही. पाटीलकी काढून घेतली ती गेली कोणाकडे? त्याच गुजर कुळातल्या दुसऱ्या माणसाकडे! इतका कडक न्याय करणाऱ्या राजानेही माणूस बदलला, कूळ बदलले नाही. वतनाची मुळे किती खोल असत, त्याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

इंग्रजांनी पुढे या व्यवस्थेवर स्वतःचा पोलीस बसविला. जिल्ह्याला एक गोरा सुपरिंटेंडेंट, त्याच्या हाताखाली शिपाई. जुने जागले आणि नाईक यांचे हक्क आणि मान गेले, आणि मग त्यांच्यातलेच काही डोंगरात शिरले. आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे लागते. बसमधून जाताना चहाला थांबलात, तर क्षणभर डोंगराकडे पाहा. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी तिथे भागोजी नाईकाच्या भिल्लांनी नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री याला ठार केले. हा भागोजी कोण? एके काळी नगरच्या पोलिसातलाच अंमलदार! पोलिसाला विरोध केल्याबद्दल तुरुंगात गेला, सुटला, आणि सत्तावन्न साली सरकारने हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला तेव्हा गाव सोडून रानात गेला. दोन वर्षांनी सिन्नर तालुक्यातच मिठसागऱ्याला तो मारला गेला. ज्याच्या हाती राखण द्यायची, त्याचा विश्वास गमावला म्हणजे काय होते, हे सरकारला त्या दोन वर्षांत समजले असावे.

कारण पुढे सरकारने पाटलाला मोडला नाही, कायद्यात बसविला. १८६७ साली मुंबई इलाख्याचा ग्राम पोलीस कायदा आला. १८६९ साली नगर आणि खानदेशातले तालुके घेऊन आपला नाशिक जिल्हा वेगळा झाला. १८७४ साली वतनांचा कायदा झाला. वसुलीचे काम पाहील तो मुलकी पाटील आणि बंदोबस्ताचे पाहील तो पोलीस पाटील. लहान गावात पुष्कळदा एकाच डोक्यावर दोन्ही पागोटी. वर्दी द्यायची, गुन्हेगार पकडून ठेवायचा, परका माणूस आला तर कळवायचे, आणि हे सगळे सरकारच्या नावाने करायचे. खुर्ची मात्र घरचीच राहिली.

पाटलाविषयी लिहिताना पाटलापाशीच थांबणे ही आपली जुनी खोड आहे. शेरीफाला हाताखाली डेप्युटी लागतात, तशी पाटलालाही माणसे लागत. रात्रभर वेशीवर जागणारा येसकर, सांगावा घेऊन पायी तालुक्याला जाणारा, वसुलाच्या थैलीबरोबर सोबतीला चालणारा, बेवारशी प्रेताची व्यवस्था लावणारा हा बहुतेक गावांत महार वतनदार असे. मोबदला काय, तर जमिनीचा एखादा तुकडा आणि घरोघरचे बलुते. कामाला वेळ नाही, नकाराला जागा नाही. घरचा कर्ता आजारी असला तर त्याच्या बदली घरातल्या दुसऱ्याने उभे राहायचे. पाटलाचे वतन म्हणजे मान, आणि त्याचे वतन म्हणजे बेडी. एकाच कायद्यात एकाच शब्दाचे हे दोन अर्थ होते.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. नोकरीला ठराविक पगार द्या, आणि ज्याला ती नको असेल त्याला तिच्यातून सुटता येऊ द्या, असा त्याचा आशय. ते काही मंजूर झाले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३० साली, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दोन्ही घटना आमच्याच जिल्ह्यातल्या. त्या सभांना खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या माणसांत, आदल्या रात्री कुठल्या तरी वेशीवर जागलेले किती असतील, असे मला नेहमी वाटते.

स्वातंत्र्यानंतर वतने एकामागून एक गेली. १९५० च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी. शेवटी १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा आला आणि १९६८ पासून पोलीस पाटील हा सरकारने नेमलेला माणूस झाला. जन्माने पाटील होण्याचे दिवस संपले.

कागदावर संपले, म्हणजे खेड्यात संपले असे नाही. माझे आजोळ निफाड तालुक्यातले, आणि घर पाटलाचे. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे अजून माझे जेवण असते. वतन गेले त्या वर्षी पाटीलकीची पाळी माझ्या आजोबांची होती. त्यांनी चावडीचे दफ्तर मुकाट्याने सरकारजमा केले आणि खुर्ची तेवढी घरी आणली. खुर्ची स्वतःच्या पैशांची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती आजही वाड्याच्या ओसरीवर आहे. नवा कायदा आला तरी पुढली नेमणूक भाऊबंदांतच झाली, आणि तंटा कुठलाही असो, बांधाचा, विहिरीच्या पाळीचा, नाहीतर सुनेच्या माहेरी निघून जाण्याचा, माणसे वाड्यावरच येत राहिली. आजोबांच्या मागे मामा त्या खुर्चीवर बसू लागले. हातात शिक्का नव्हता, अंगावर नेमणूक नव्हती, पण दोन पिढ्या न्याय तिथेच होत होता. तो बरा होता की वाईट, हे तुम्ही कोणत्या बाजूने उभे होता त्यावर अवलंबून. ज्याला ओसरीवर बसायला मिळे तो म्हणे बरा. ज्याला अंगणात उभे राहून बोलावे लागे, त्याला कोणी विचारीत नसे.

आता पोलीस पाटील होण्याची रीत कशी आहे, ते शहरातल्या वाचकांना बहुधा माहीत नसेल. उमेदवार त्याच गावचा रहिवाशी हवा, वय २५ ते ४५, शिक्षण निदान दहावी. ८० गुणांची लेखी परीक्षा, २० गुणांची तोंडी. नेमणूक प्रांतसाहेबांची. काही जागा राखीव, स्त्रियांनाही जागा. मानधन बरीच वर्षे अगदी तुटपुंजे होते. २०२४ साली ते दरमहा १५ हजार रुपये करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हापासून अर्जांना जोर आला आहे. काम मात्र जुनेच: गुन्ह्याची वर्दी, परक्याची खबर, साथीच्या रोगाची माहिती, पंचनाम्याला हजेरी. २०२० साली करोनाच्या दिवसांत बाहेरगावाहून कोण आले आणि कोणाला ताप आहे याच्या नोंदी ठेवण्यात गावोगावचे पोलीस पाटील होते, हे आपण विसरून गेलो आहोत.

काही वर्षांपूर्वी आजोळची जागा रिकामी झाली. माझ्या मामेभावाचा मुलगा परीक्षेला बसला. घरात सगळ्यांना वाटले, ही औपचारिक गोष्ट. आपलीच खुर्ची आपल्याकडे येणार. यादी लागली तेव्हा त्याचे नाव दुसरे होते. पहिले नाव एका तिशीतल्या बाईचे होते. तिच्या सासऱ्याच्या आजाने या गावच्या वेशीवर रात्री काढल्या होत्या. तोंडी परीक्षेत तिला काय विचारले ते मला ठाऊक नाही. पण लेखी परीक्षेत ती आमच्या चिरंजिवांपेक्षा नऊ गुणांनी पुढे होती, आणि गुणांना वाड्याची ओसरी दिसत नाही.

गावाने आरडाओरड केली नाही. त्याहून वाईट केले. गप्प बसले. सहा महिने तिच्याकडे एक तंटा गेला नाही. दाखल्यावर सही हवी असली की जात, कारण त्याला इलाज नव्हता. पण भांडणे पूर्वीसारखी वाड्यावर येत. तिनेही कोणाला बोल लावला नाही. रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात तासभर बसून ती निघून जाई. एकदा मी तिथे गेलो असताना दोन घटका बोललो. मी विचारले, "कोणी येत नाही, तर वाईट वाटत नाही का?" ती म्हणाली, "आमच्या घरच्यांनी रात्रभर जागून काढल्या, तेव्हाही कोणी येत नव्हतं दादा. बसायची सवय आहे आम्हांला."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन सख्ख्या भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या. एकाचे डोके फुटले. रक्ताळलेले फडके डोक्याला बांधून दोघेही, आपापल्या माणसांसह, रीतीप्रमाणे वाड्यावर आले. मामा नव्वदीला टेकलेले. ते खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी नातवाला हाक मारली आणि म्हणाले, "पाटलीनबाईला बोलव. नाही तर असं कर, ह्या समद्यांना तिच्याकडं घेऊन जा. हा कागदाचा मामला हाय."

"पण दादा, तुम्हीच दोन शब्द सांगा की," जमलेल्यांतला एक जण म्हणाला.

"मी सांगितलेलं साक्षीला चालतं व्हय? उद्या कोर्टात माझी खुर्ची घेऊन जाशील?"

सगळे गेले. तिने आधी जखमीला दवाखान्यात रवाना केले, मग ठाण्याला फोन लावला, मग दोघांच्या कुऱ्हाडी ताब्यात घेतल्या. हवालदार यायच्या आत साक्षीदारांची नावे तिच्या वहीत होती. त्यातला एक भाऊ आमच्या नात्यातला. त्याच्यासाठी वाड्यावरून निरोप गेला, की जरा सांभाळून घ्या. निरोप कोणी पाठविला ते मी लिहीत नाही. तिने निरोप्याला पाणी दिले आणि त्याचेही नाव विचारून वहीत लिहून घेतले. मामांना ही हकीकत कळली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या बापानं असं केलं नसतं." ही स्तुती की तक्रार, ते घरात अजून ठरलेले नाही. त्यानंतर तंटे मात्र तिच्याकडे जाऊ लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपणही अमेरिकेसारखी मते घेऊन पोलीस पाटील निवडावा काय? गावचा सरपंच आपण निवडतोच. तोही थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, यावर आपले एकमत नाही. २०१७ साली थेट निवडणूक आली, २०२० साली गेली, २०२२ साली पुन्हा आली. मग पोलीस पाटलाने काय घोडे मारले आहे?

निवडणुकीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याला पुन्हा तुमच्या दारात यायचे आहे, तो तुम्हांला दारातून हाकलीत नाही. पण अमेरिकेच्याच इतिहासात या नाण्याची दुसरी बाजूही आहे. अलाबामा राज्यातल्या डॅलस परगण्याचा शेरीफ जिम क्लार्क हा मतांवर आलेला माणूस होता. मत नोंदवायला आलेल्या काळ्या नागरिकांना त्याने आणि त्याच्या माणसांनी बडवून काढले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावच्या पुलावर जे रक्त सांडले, त्यात त्याचे स्वार होते. लोकांनी निवडलेला माणूस लोकांना कसा मारतो? उत्तर सोपे आहे. ज्यांना तो मारीत होता, त्यांना मतच नव्हते. त्याच वर्षी मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. काळे नागरिक हजारोंनी मतदार झाले, आणि १९६६ साली त्या परगण्याने क्लार्कसाहेबांना घरी बसविले.

ही हकीकत दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. मत असेल तर शेरीफाला उतरविता येते, हे खरे. आणि मत नसेल, किंवा मत असूनही संख्या कमी असेल, तर निवडलेला शेरीफ हा जन्मलेल्या पाटलाहून काही निराळा नसतो, हेही खरे. माझ्या आजोळी उद्या निवडणूक झाली, तर त्या बाईला किती मते पडतील याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आहे. तिच्या भावकीची घरे मोजकी. नऊ गुणांनी ती पहिली आली. मतांनी ती आली नसती. पुढल्या खेपेला कदाचित येईलही, कारण आता लोकांनी तिचे काम पाहिले आहे. पण ते काम पाहायला मिळाले, ते आधी कोणी तरी गुण मोजले म्हणून.

म्हणून परीक्षा सर्वांत उत्तम, असे म्हणून मी मोकळा झालो असतो, पण तेही पूर्ण खरे नाही. परीक्षेत कलम कोणते ते विचारता येते. आपल्या सासरच्या गल्लीत रात्री कोणाच्या किंकाळ्या ऐकू आल्या, तर दार उघडशील का, हे विचारायला तिथे रकाना नसतो. आमच्या नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर पोलिसांचे मोठे शिक्षण केंद्र आहे. १९०६ साली ते पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाले आणि १९०९ साली इथे आले. शंभराहून अधिक वर्षे तिथे फौजदार तयार होत आहेत. कवायत शिकविता येते, कायदा शिकविता येतो. नात्यातल्या माणसाचा निरोप आला असता वही उघडी ठेवणे मात्र बहुधा घरूनच यावे लागते. आणि ते कोणत्या घरातून येईल, हे सांगता येत नाही. वाड्यातून येईलच असे नाही, आणि येणारच नाही असेही नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटात राहणारी माणसे, आम्हांला पाटलाचे काय? संकट आले तर ११२ फिरवितो. खरे आहे. पण आपल्या भागाच्या ठाण्यातल्या एका तरी अंमलदाराचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का, ते आठवून पाहा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची निवडणूक आठवा. शेजाऱ्याच्या गच्चीवरचा कर्णा रात्री बंद करायला सांगण्याची वेळ येते म्हणून त्या जागेला कोणी उभे राहत नाही. शेवटी सभेला न आलेल्याच्या गळ्यात ती पडते. शेरीफ सर्वांना हवा असतो, पण तो आपल्याच जिन्यावर राहणारा नको असतो. खेड्यातला पोलीस पाटील बिचारा त्याच जिन्यावर राहतो. दिवसा ज्याच्याविरुद्ध वर्दी द्यायची, संध्याकाळी त्याच्याच गिरणीत दळण न्यायचे. हे काम पंधरा हजारांत स्वस्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा जन्माने, मताने की गुणांनी, हा वाद आपण दिवाळीच्या फराळाबरोबर अवश्य घालावा. चकली कुरकुरीत असेल तर वाद लवकर मिटू नये. मला मात्र खुर्चीची परीक्षा एकच वाटते. गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला रात्री-अपरात्री धावत जावे लागले, तर त्याचे पाय त्या दाराकडे वळतात की त्या दारापासून दूर? जागल्या जसा ओल्या मातीतला माग काढीत असे, तसा हाही माग काढता येतो. आपापल्या गावी जाल तेव्हा जरा खाली पाहून चाला, म्हणजे पावले कुठल्या अंगणात जाताहेत ते दिसेल.